बदलापूरचे घोडे आणि पालिकेच्या गाड्या



मी खरवईचा. खरवई म्हणजे बदलापूर पूर्वेला, एमआयडीसीला लागून असलेलं गाव. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती आणि मध्ये आमची जुनी वस्ती. बाहेरगावी कविसंमेलनाला गेलो की कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘बदलापूर? तिथं बदलतं तरी काय?’’ मी सांगतो, घोडे! आमच्या भागातली आख्यायिका तशी आहे. शिवकाळात कोकणातून गुजरातेकडे, सुरतेकडे जाणारे स्वार इथे थांबायचे, दमलेला घोडा सोडायचे आणि ताजा घोडा घेऊन पुढे निघायचे. घोडे बदलायचं ठिकाण म्हणून बदलापूर. ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते अभ्यासकांनी सांगावं. मला तिच्यातला व्यवहार आवडतो. स्वार पोहोचण्याआधी ताजा घोडा तयार असायचा. त्याला दाणापाणी झालेलं असायचं, नाल ठोकलेले असायचे. दमलेला घोडा वाटेत कोसळल्यावर नवा शोधायला कुणी निघत नसे.

आज मला बोलायचं आहे ते पालिकेच्या गाड्यांबद्दल. त्या कधी बदलायच्या, कुठे दुरुस्त करायच्या, आणि हे आधी ठरवायचं की गाडी रस्त्यात बंद पडल्यावर, याबद्दल. कवी माणसाचा ग्रीसशी काय संबंध, असं काहींच्या मनात येईल. संबंध आहे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि नोकरी लागली ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका पालिकेच्या वाहन विभागात, कारकुनाची. पालिकेचं नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं कुठल्याही पालिकेला लागू पडेल. चार वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण त्याआधी बरीच वर्षं लॉगबुकं तपासली, डिझेलच्या पावत्या लावल्या आणि गॅरेजमधल्या बाकड्यावर बसून चहा प्यायलो. कविता लिहायला शिकलो मराठीच्या वर्गात आणि ऐकायला शिकलो त्या बाकड्यावर.

आधी एक हिशेब मांडू. आपल्या शहराच्या मालकीच्या गाड्या कोणत्या? सकाळची घंटागाडी. कचरा दाबून नेणारा कॉम्पॅक्टर. पाण्याचा टँकर. नाले उपसणारा जेसीबी. मलटाकी उपसणारी गाडी. दिव्यांच्या खांबाला पोहोचणारी शिडीची गाडी. रुग्णवाहिका, शववाहिका, अग्निशमनाचा बंब. शिवाय साहेबांच्या जीपगाड्या. यातली शेवटची सोडली, तर बाकी कुठलीही गाडी आपण आनंदानं बघत नाही. पण ती आली नाही, की दोन दिवसांत गल्लीला वास येतो किंवा नळाखाली रिकामे हंडे लागतात. शहर चालतं ते या चाकांवर. आणि आमच्याकडे शहर वाढलं किती! २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर तर इमारतींनी डोंगराचा पायथा गाठला. माणसं वाढली तसा कचरा वाढला, आगीचा धोका वाढला आणि गाड्यांच्या खेपाही वाढल्या.

आता एका नियमाची गोष्ट. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद केलं. यात केंद्र आणि राज्य सरकारच्या गाड्या आल्या, परिवहन महामंडळाच्या आल्या, तशा महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींच्याही आल्या. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीची खास वाहनं तेवढी वगळली. बाकीच्यांनी नोंदणीकृत भंगार केंद्राची वाट धरायची. प्रदूषण आणि सुरक्षितता बघता नियम योग्यच आहे. पण त्यानं अनेक ठिकाणी धावपळ उडवली. ही धावपळ कशानं झाली? पंधरा वर्षं काही एका रात्रीत पूर्ण होत नाहीत. गाडी घेतली त्याच दिवशी तिच्या निवृत्तीची तारीख कळलेली असते. माणसाच्या निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात लिहून ठेवतात. गाडीच्या नोंदवहीत मात्र तो रकाना कोरा असतो.

दुसरं कारण जरा खोलातलं आहे. आपल्याकडे गाड्या घेतल्या जातात त्या अनुदान आलं म्हणून. योजना आली, निधी आला, मार्चअखेर खर्चायचा आहे, मग एकदम वीस गाड्या येतात. फीत कापतात, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. पुढची कित्येक वर्षं एकही नाही. एकाच दिवशी आलेल्या गाड्या म्हाताऱ्याही एकाच दिवशी होतात. २००९ च्या सुमारास नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून देशभरातल्या शहरांना बसगाड्या मिळाल्या. त्या वेळी ती मोठीच गोष्ट होती. पण एका हंगामात आलेला तो ताफा थकलाही एका हंगामातच. घरातल्या सगळ्या मुलांची लग्नं एकाच महिन्यात काढली, तर बापाची जी अवस्था होईल ती परिवहनाच्या अंदाजपत्रकाची होते.

यावर उपाय सोपा आहे, आणि त्याला फार शिकलेला माणूस लागत नाही. समजा, एका पालिकेकडे चोवीस घंटागाड्या आहेत आणि एका घंटागाडीचं कामाचं आयुष्य आठ वर्षं धरलं. तर दरवर्षी तीन गाड्या बदलायच्या. एक गाडी दहा लाखांची धरली, तर वर्षाला तीस लाख बाजूला काढायचे. हे जमतं. पण आठ वर्षं हातावर हात ठेवून बसलं, तर नवव्या वर्षी दोन कोटी चाळीस लाख एकदम लागतात, आणि ते नसतात. मग गाड्या भाड्यानं येतात. आमच्या घरात आई गव्हाच्या डब्यात दर महिन्याला थोडे पैसे टाकायची. तेच करायचं, फक्त डब्याला ‘वाहन बदली निधी’ असं नाव द्यायचं आणि त्याला दुसऱ्या कामासाठी कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

गाडी बदलायची वेळ तरी कशी ओळखायची? नुसत्या वयावरून नाही. घंटागाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. तिचा क्लच, ब्रेक आणि स्टार्टर लवकर झिजतात. ओल्या कचऱ्याचं आंबलेलं पाणी पत्रा खातं. इंजिन ठणठणीत आणि टपाला भोकं, अशा घंटागाड्या मी बघितल्या आहेत. बंबाचं उलट असतं. किलोमीटर मोजाल तर तो नवा वाटेल, पण त्याचा पंप किती तास चालला हे कोण मोजणार? जेसीबीचं कामही तासांवर मोजायचं असतं. म्हणजे घंटागाडीला वय आणि पत्रा, जीपला किलोमीटर, बंबाला पंपाचे तास. प्रत्येक गाडीची नाडी वेगळ्या ठिकाणी बघावी लागते.

आणि मग पैशाचा हिशेब. दहा लाखांची गाडी पाच वर्षं वापरली, तर वर्षाला दोन लाखांना पडली. दहा वर्षं वापरली तर एक लाखाला. वीस वर्षं ओढली तर पन्नास हजारांना. म्हणजे जितकी जास्त वापरू तितकी स्वस्त? इथेच गफलत होते. पाचाची दहा वर्षं केली तेव्हा वर्षाला लाख वाचले. दहाची वीस केली तेव्हा पन्नास हजारच वाचले. पण त्या वाढीव दहा वर्षांत इंजिनाचं काम दोनदा निघतं, गिअरबॉक्स उतरतो, पाटे तुटतात, आणि डिझेल जास्त पिते ते वेगळंच. भांडवलाचा खर्च दरवर्षी उतरत जातो आणि दुरुस्तीचा चढत जातो. दोन्हींची बेरीज जिथे सगळ्यात कमी असते, ते गाडीचं खरं आयुष्य. त्याआधी विकली तर उधळपट्टी, त्यानंतर ओढली तरी उधळपट्टीच. फक्त ही दुसरी काटकसरीसारखी दिसते.

या हिशेबात न धरलेली एक रक्कम आहे. गाडी बंद असते त्या दिवसांची. आमच्याकडे एका उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरच्या पंपाचं सील गेलं. किंमत काही शे रुपये. स्टोअरमध्ये नव्हतं. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. ती आली तर सही करणारे साहेब रजेवर. ते आले तर लेखा विभागानं त्रुटी काढली. टँकर अकरा दिवस उभा राहिला. तेवढे दिवस खासगी टँकर भाड्यानं लावला आणि त्याची मंजुरी तातडीची बाब म्हणून एका दिवसात झाली! भाड्याचं बिल सीलच्या किमतीच्या कित्येक पट होतं. ते निदान कागदावर आलं. पण वस्तीतल्या बायका भर उन्हात हंडे घेऊन तासन् तास उभ्या राहिल्या, त्यांच्या बुडालेल्या रोजाचा रकाना कुठल्याच वहीत नव्हता.

म्हणून गाडी बदलण्याच्या विषयाबरोबर गॅरेजचा विषय येतो. एखाद्या पालिकेचा कारभार बघायचा असेल तर तिची नवी इमारत बघू नका, तिचं गॅरेज बघा. बऱ्याच ठिकाणी काय दिसेल? एक पिंपळ, खाली तेलानं काळी झालेली जमीन, विटांवर चढवलेली एक जीप आणि पावसात जॅकखाली चिखलात पडलेला मिस्त्री. कोकणपट्टीतला चार महिन्यांचा पाऊस. वर पत्रा नाही. अशा ठिकाणी ब्रेकचं काम करायचं आणि त्या ब्रेकच्या भरवशावर रुग्णवाहिका पळवायची.

बरं, लागतं तरी काय? वर उंच छप्पर. खाली उतरून काम करता येईल असा पक्का खड्डा किंवा गाडी उचलणारा रॅम्प. धुण्याची वेगळी जागा, आणि धुतलेलं तेलकट पाणी आधी सापळ्याच्या टाकीत जाऊन तेल वेगळं होईल अशी सोय. नाही तर ते नाल्यातून उल्हास नदीत जातं, आणि ही नदी आपण पितो. फिल्टर, पट्टे, ब्रेकचे लायनर, बल्ब, सील अशा रोज लागणाऱ्या मालाचं छोटं स्टोअर. मिस्त्रीच्या हाती खर्चाची एक मर्यादित मुभा, म्हणजे लहान मालासाठी फाइल फिरणार नाही. प्रत्येक प्रकारच्या गाडीमागे एक राखीव गाडी, कारण राखीव गाडी नसली की दुरुस्तीची तारीख कायम पुढे ढकलली जाते. आणि भिंतीवर एक फळा, त्यावर कुठल्या गाडीचं ऑइल कधी बदलायचं, कधी टायर फिरवायचे, कधी पासिंग आहे. आपल्याकडे ते जुनं कोडं आहे ना, भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. आमच्या गॅरेजात त्यात चौथा प्रश्न घातला होता, टायर एका बाजूनं का झिजला?

जागेचाही विचार हवा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीनं काय केलं ते आमच्या पिढीला सांगायला नको. पुढे २०१९ आणि २०२१ च्या जुलैतही पाणी घरांत शिरलं. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी सगळ्यात आधी लागतात त्या पालिकेच्या गाड्या. त्यांचा तळ जर नाल्याकाठच्या सखल जागेत असेल, तर पुराचा पहिला बळी त्याच ठरतील. रिकामी आहे म्हणून मिळालेली जागा आणि गाड्यांसाठी योग्य जागा यांत फरक असतो. पूररेषेच्या वर, मोठ्या रस्त्यालगत आणि घंटागाड्यांच्या फेऱ्यांना मधोमध पडेल अशी जागा शोधायला हवी. रोज रिकामी गाडी चार किलोमीटर जादा धावली, तर वर्षाचं डिझेल किती जळेल, हे शाळेतलं पोरही काढील.

इथे मला आमच्या एसटीची आठवण येते. १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतर एसटीनं दुरुस्तीची उतरंड उभी केली. रोजची देखभाल आगारात, त्याहून मोठं काम विभागीय कार्यशाळेत आणि बसचा सांगाडा नव्यानं बांधण्याइतकं मोठं काम मध्यवर्ती कार्यशाळेत. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा ही त्या मध्यवर्ती कार्यशाळांची नावं. खेड्यातल्या आगारात सगळी यंत्रं नसली तरी चाललं, कारण वर कुणीतरी होतं. पुढे नव्या गाड्यांची खरेदी रेंगाळली, ताफा आटला, जुन्या गाड्या धावत राहिल्या आणि घाटात बंद पडलेल्या एसटीची छायाचित्रं छापून येऊ लागली. अलीकडे एसटीनं स्वतःच्या मालकीच्या २,६४० नव्या साध्या गाड्यांची मागणी नोंदवली, त्या येऊही लागल्या. म्हणजे शहाणपण परत येतं, पण मधली वर्षं प्रवाशांच्या अंगावरून जातात.

एसटीची ही उतरंड आपल्याला घेता येणार नाही का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन शहरं एकमेकांना चिकटलेली. रोजची देखभाल प्रत्येकानं आपापल्या गॅरेजात करावी. पण कॉम्पॅक्टरचं हायड्रॉलिक, बंबाचा पंप, शिडीच्या गाडीची तपासणी ही महागडी कामं प्रत्येकाला स्वतंत्र परवडणारी नाहीत. त्यासाठी तिघांची मिळून एक मोठी कार्यशाळा का असू नये? या पट्ट्यात हाताला कामाची सवय असलेली माणसं कमी नाहीत. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, आयटीआय आहे. आमच्या एमआयडीसीत लेथवर मायक्रॉनचं काम करणारे कारागीर आहेत. आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून आली, तर त्यांना काम मिळेल आणि गॅरेजला ताजे हात मिळतील.

‘कशाला एवढा खटाटोप? ठेका द्या की!’ असं कुणी म्हणेल. ठेक्याला माझा आंधळा विरोध नाही. पण मुंबईकडे बघा. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. डब्यांपेक्षा घोडे कितीतरी जास्त ठेवावे लागत, कारण जनावर दमतं आणि त्याला पाळी लावून विश्रांती द्यावी लागते, हे त्या कंपनीला ठाऊक होतं. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ ला बस आली, ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. प्रत्येक बदलाच्या मागे तबेला, डेपो आणि वर्कशॉप होतं. त्याच बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या एके काळी चार हजारांवर होत्या. आज त्या हजाराच्या खूप खाली आल्या आहेत, बाकी गाड्या ठेकेदारांच्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्यावरच्या चालकांनी पगारासाठी संप केला आणि मुंबईकर थांब्यावर उभा राहिला. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात ठेक्यावरच्या इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला, तेव्हा नव्या तऱ्हेची गाडी हाती देण्याआधी चालकाला किती शिकवलं, हा प्रश्न ऐरणीवर आला. आमच्या शेजारी उल्हासनगरात ठेकेदारामार्फत सुरू झालेली बससेवा काही वर्षांत बंद पडली आणि २०२४ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांनिशी नव्यानं सुरू करावी लागली. ठेक्यानं गाडी दुसऱ्याची होते, पण थांब्यावर उभा असलेला माणूस आपलाच राहतो. ठेका द्यायचा तरी गाडीचं वय, देखभालीच्या नोंदी आणि चालकाचा पगार तपासणारं जाणकार माणूस पालिकेत असावंच लागतं.

जुन्या गाडीचा लळा मलाही समजतो. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईची जुनी दुमजली बस शेवटची धावली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते स्वाभाविक होतं. पण बसचं वय भरलं होतं. आठवण जपायला एखादी गाडी संग्रहालयात ठेवावी. रस्त्यावर मात्र ब्रेक लागणारीच गाडी असावी.

आता त्या बाकड्यावरच्या माणसाविषयी. आमच्या गॅरेजचे मिस्त्री, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. साहेबही आणि सफाई कामगारही. शाळेची बाहेर पडली की त्यांचा हात पान्यावर गेला तो थेट निवृत्तीपर्यंत. इंजिनाला कान लावून ते रोग सांगायचे. त्यांच्याकडे दोनशे पानी एक वही होती. मोडक्या मराठीत, मध्येच उर्दू अक्षरांत प्रत्येक गाडीची कुंडली लिहिलेली. कधी आली, कुठे आपटली, कुठल्या चालकाच्या हाती क्लच जास्त जातो, कुठल्या गाडीची वायरिंग उंदरांनी खाल्ली.

२०२० साल आठवा. करोनाच्या त्या महिन्यांत आमच्या पालिकेकडे एकच शववाहिका होती आणि तीही वय झालेली. दिवसाला किती खेपा झाल्या ते मी सांगत नाही. स्मशानात, कब्रस्तानात, जिथे न्यायचं तिथे ती जायची. त्या गाडीनं कुणाची जात विचारली नाही, कुणाचा धर्म विचारला नाही. नातेवाईक लांब उभे असायचे आणि चालक दोघा कामगारांना घेऊन सगळं करायचा. एका रात्री तिचा क्लच गेला, आत मयत होतं. टोचन करून गाडी आणली ती आधी मुक्कामाला आणि मग गॅरेजला. चाचांनी रात्रभर जागून दुसऱ्या एका उभ्या गाडीचा क्लच काढून तिला बसवला. सकाळी सातला ती पुन्हा निघाली. चाचांचं तेव्हा साठीला एक वर्ष उरलं होतं, घरी आजारी बायको होती. पुढे त्यांचा सत्कार झाला, शाल दिली. मला वाटतं, शालीपेक्षा त्यांना दुसरी शववाहिका दिली असती तर ते जास्त खूश झाले असते. माणसाच्या जिवावर उदार होण्यानं गाडा ओढला गेला, की तो ओढावा का लागला हे विचारायचं आपण विसरतो.

२०२१ मध्ये चाचा निवृत्त झाले. जाताना ती वही त्यांनी कार्यालयात जमा केली. मी तेव्हा दुसऱ्या विभागात होतो. नंतर कळलं, तिला आवक क्रमांक कोणत्या नोंदवहीत द्यायचा यावर चर्चा झाली आणि मग ती कुठेतरी गठ्ठ्यात गेली. त्या वहीत पालिकेची वीस-बावीस वर्षं होती. आज हे काम संगणकावर सहज होतं, मोबाइलवरसुद्धा होतं. पण यंत्र कुठलंही असो, रोज लिहिणारा हात आणि महिन्याला वाचणारा डोळा लागतोच.

उद्या इलेक्ट्रिक घंटागाड्या येतील, काही ठिकाणी आल्याही आहेत. त्यांना ऑइल नको, क्लच नको. पण चार्जिंगसाठी विजेचा मोठा भार लागेल, बॅटरीचं आयुष्य वेगळं मोजावं लागेल, आणि उच्च दाबाच्या विजेशी खेळायला चाचांसारखा कान पुरणार नाही, रीतसर शिक्षण लागेल. म्हणजे घोड्याऐवजी गाडी आली तरी तबेल्याची काळजी सुटली नाही, आणि डिझेल जाऊन वीज आली तरी ती सुटणार नाही.

श्रोतेहो, खरवईच्या एमआयडीसीत जानेवारी २०२४ मध्ये एका रासायनिक कारखान्यात पहाटे स्फोट झाला, एका कामगाराचा जीव गेला. आमच्या घरांच्या खिडक्या अशा रात्री थरथरतात. सायरन ऐकू येईपर्यंतची ती मिनिटं फार लांब असतात. त्या मिनिटांत आम्ही बंबाची किंमत विचारत नाही, तो पहिल्या सेल्फला सुरू झाला का, एवढंच विचारतो. तो सुरू होतो किंवा होत नाही, हे त्या रात्री ठरत नाही. ते तीन वर्षांपूर्वीच्या अंदाजपत्रकात ठरलेलं असतं.

म्हणून पालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा आपल्या नगरसेवकाला, अधिकाऱ्याला चार प्रश्न विचारा. आपल्या गाड्यांची वयवार यादी आहे का? यंदा त्यातल्या किती बदलणार आणि त्याचे पैसे कुठल्या शीर्षाखाली ठेवलेत? गेल्या वर्षी प्रत्येक गाडी किती दिवस बंद होती? आणि गॅरेजवर छप्पर आहे का? उत्तरं नाही मिळाली, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. फीत कापायला सगळे येतात, फिल्टर बदलला का हे विचारायला कुणी येत नाही.

आमच्या गॅरेजात दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन निघायच्या. झेंडूच्या माळा ओवायला चाचा स्वतः बसायचे. बंबाला सगळ्यात मोठा हार, मग रुग्णवाहिकेला, मग घंटागाड्यांना. पाने, जॅक, हातोडे पुसून ओळीनं मांडायचे आणि त्यांनाही फूल वाहायचे. पूजा झाली, पेढे वाटले की ते चालकांना म्हणायचे, ‘‘हार सुकेपर्यंत तरी ऑइल बघत जा रे.’’ येत्या दसऱ्याला आपल्या पालिकेच्या गाड्यांना हार चढतील. त्या दिवशी पेढा खाताना एखाद्या चालकाला सहज विचारा, गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)